दगाभाऊंच्या वीस काड्या

७ जानेवारी २०२४, रविवार. सहाशे पंच्याऐंशी रुपये. रिक्षाचे जाऊन-येऊन पाचशे, छाटणीच्या कात्रीचे एकशे चाळीस आणि मुळं फुटायच्या पावडरच्या पुडीचे पंचेचाळीस. खर्च दगाभाऊंचा, नोंद माझ्या डायरीत. कारण दगाभाऊ काही लिहून ठेवत नाहीत आणि मला लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. त्या रकमेखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती : काड्या वीस.

त्या ओळीवरून दगाभाऊ माझ्याशी जवळजवळ अडीच महिने भांडले. ओळ बरोबर होती, पण मला तसं म्हणता येत नव्हतं.

दगाभाऊ राजपुऱ्यात आमच्या शेजारी राहतात. मध्ये एक कमरेएवढी भिंत. वय एकाहत्तर. घराणं तापीकाठचं, केळीवालं. पण तिघा भावांत जमीन थोडी म्हणून ते तरुणपणीच कागदाच्या कारखान्यात लागले आणि चौतीस वर्षं लगद्याच्या विभागात राहिले. काम असं : लांब दांड्याचा डबा हौदात बुडवायचा, लगद्याचा नमुना काढायचा, मुठीत दाबून पाणी किती सुटतं ते पाहायचं, बोटांनी चोळून धागा पाहायचा आणि फळ्यावर आकडा लिहायचा. दर अर्ध्या तासाने. पाळी दिवसाची असो की रात्रीची, अर्धा तास चुकला नाही, हे ते अजून अभिमानाने सांगतात. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी त्यांचा अर्धा तास सुटलेला नाही. दूध तापत असलं की चार वेळा झाकण उचलतील. फाटकाची कडी लावली का ते पाहायला बसल्या जागेवरून उठतील. टाकीत पाणी किती चढलं ते पाहायला पाइपला कान लावतील. ते असे उठले की मथुरावहिनी आतून विचारतात, "काढला का नमुना?"

मथुरावहिनी पुरंदरकडच्या. त्यांच्या वडिलांची अंजिराची बाग होती. लग्न करून त्या चारशे-पाचशे किलोमीटरवर केळीच्या मुलखात आल्या आणि पहिलं वर्षभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. तेव्हा त्यांचे वडील एकदा लेकीला भेटायला म्हणून आले, ते ओल्या धडप्यात गुंडाळलेली एक काडी पिशवीत घालून. कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरमागे त्यांनी ती स्वतःच्या हाताने लावली आणि जावयाला म्हणाले, "अंजीर फुकट घेतलं तर लागत नाही, पाव्हणं. सव्वा रुपया टाका." दगाभाऊंनी तो तिथेच दिला. काडीचं झाड झालं. वहिनी बोलायला लागल्या. पुढे वडील गेले, भावांनी बाग विकली आणि तिथे आता प्लॉट पडलेत असं कळलं. त्यानंतर नऊ वर्षं वहिनी माहेरी गेलेल्या नाहीत. "जायचं कुणाकडं?" एवढंच म्हणतात.

क्वार्टर सोडताना दगाभाऊंनी त्यांना सांगितलं होतं, झाडाची कलमं करून घरी नेऊ. दर हिवाळ्यात ते पुढच्या हिवाळ्याचा वायदा करत. असे दहा हिवाळे गेले. मग गेल्या डिसेंबरात त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला : वसाहतीतल्या रिकाम्या रांगा पाडायला घेतल्यात, संक्रांतीनंतर तुमची रांग. फोन ठेवल्यापासून दगाभाऊंना जेवण गोड लागेना.

म्हणून तो रविवार. मी, दगाभाऊ आणि वहिनी ओळखीच्या चंदनच्या रिक्षाने पाऊण तासात वसाहतीत पोचलो. क्वार्टरची दारं-खिडक्या काढून नेलेल्या होत्या. मागे अंजीर उभं होतं, पानं बरीचशी गळलेली, फांद्या राखाडी. दगाभाऊ कात्री घेऊन भिडले. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार-पाच डोळ्यांची काडी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. हे सगळं वहिनी बाजूच्या ओट्यावर बसून सांगत होत्या. प्रत्येक कापातून दूध गळत होतं. दगाभाऊंचे हात चिकट झाले, खाजायला लागले, तरी थांबेनात.

"काकी, अंजीर तो दुकान में किलो से मिलता है," चंदन रिक्षाला टेकून म्हणाला. "इतनी मेहनत काहे को?"

"माहेर मिळतं का रे किलोनं?" वहिनी म्हणाल्या. "मिळत असलं तर दोन किलो आण."

चंदन हसला आणि पुढे होऊन त्याने एक उंच फांदी वाकवून धरली.

काड्या वहिनी पदरात मोजून घेत होत्या. मीही मोजत होतो. वीस झाल्या.

घरी आल्यावर दगाभाऊंनी गच्चीवर काड्या ओळीने मांडल्या तर अठरा भरल्या. त्यांनी दोनदा मोजल्या. मी डायरी दाखवली.

"डायरी काय दाखवतो भो? काड्या दाखव. छत्तीस वर्षं पतसंस्थेत काय मोजलं तू? लोकांचे पैसे असेच मोजतो का?"

"दगाभाऊ, वीस होत्या."

"मग दोन काय रिक्षात चढल्या नाहीत? चंदननं दात कोरायला घेतल्या?"

मी मे महिन्यात रिटायर होणार. छत्तीस वर्षांत माझ्या रोखीत रुपयाचा फरक निघालेला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सोमवारी संध्याकाळी दगाभाऊ वाळू आणायला तापीच्या राजघाटावर गेले आणि पाठोपाठ वहिनी आमच्या मागच्या दाराने आत आल्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं, तर दोन काड्या.

"भाऊजी, या तुमच्याकडं राहू द्या. ह्यांना सांगू नका."

माझा जीव भांड्यात पडला. हिशेब जुळला होता. पण लगेच लक्षात आलं की तो जुळलेला मला कुणाला सांगता येणार नव्हता.

"पण वहिनी, त्यांच्याकडे अठरा आहेत की."

"असू द्या. अठराच्या अठरा ते उपटून बघणार. मूळ आलं का, मूळ आलं का. मूळ म्हणजे सुरुवातीला दोऱ्याहून नाजूक. हात लागला की तुटलं. मी चाळीस वर्षं सांगून थकले, दुधाचं झाकण उचलू नका. ऐकलं? इथं काडी आहे हे कळलं तर भिंतीवरून उडी टाकून येतील."

"आणि मी नाही पाहणार कशावरून?"

"तुम्ही महिनाअखेरीपर्यंत वही मिटवून ठेवणारे," वहिनी म्हणाल्या. माझी पत्नी सुमन मागून हसली.

वहिनींनीच सगळं करून दिलं. पाण्याच्या दोन प्लास्टिक बाटल्यांचे गळे कापले, तळाला भोकं पाडली, वाळू आणि पोयटा भरला. माती मुठीत दाबली. गोळा झाला, पण थेंब पडला नाही. "एवढीच ओल. ह्यांच्याच कामातलं आहे हे, पण स्वतःच्या गच्चीवर आठवायचं नाही त्यांना." काड्या खोवल्या आणि बाटल्यांभोवती वर्तमानपत्राचा कागद बांधला, मुळांना अंधार लागतो म्हणून. बाटल्या आमच्या न्हाणीच्या मागे टाकीच्या चौथऱ्याखाली ठेवल्या. चौथ्या दिवशी पाणी. मी कॅलेंडरवर खुणा केल्या.

"आणि पानं फुटली तर नाचू नका," जाता जाता त्या म्हणाल्या. "आमचे आबा म्हणायचे, पहिली पानं काडीची, दुसरी मुळाची. दुसरी आली की मी सांगेन ह्यांना."

इकडे गच्चीवर दगाभाऊंचा कारखाना सुरू झाला. दहा काड्या त्यांनी ओल्या कागदात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत बांधल्या. कागद त्यांच्याच कारखान्याचा, जुन्या रिळाच्या शेवटाचा, इतकी वर्षं जपून ठेवलेला. आठ काड्या वाळूच्या कुंड्यांत. योजना चांगली होती. पण पिशवी ते सकाळी सोडत, जेवणानंतर सोडत, संध्याकाळी मला दाखवायला सोडत. कागद सुकला वाटला की पाणी शिंपत. ओला वाटला की उन्हात पसरत. कुंडीतल्या काडीला दोन बोटांत धरून हलकेच वर ओढून पाहत.

"दगाभाऊ, राहू द्या ना तिला."

"चेक करून राहिलो फक्त. न बघता कसं कळंल? हौदात काय चाललंय ते फळ्यासमोर बसून कळत नाही, रघुनाथ."

"हौदातला लगदा उचलल्याने मरत नाही."

"तू गप. तुला दोन काड्या सांभाळता आल्या नाहीत."

यावर मला खरंच गप्प बसावं लागलं. ते रोज संध्याकाळी चहाला आमच्याकडे येतात, आणि त्या काड्या त्यांच्यापासून पंधरा पावलांवर होत्या. एकदा ते हात धुवायला न्हाणीकडे निघाले. सुमन चटकन पुढे झाली, "भाऊ, तिकडं घसरडं झालंय, इथंच धुवा," म्हणत तिने तांब्या ओट्यावर आणला आणि जाता जाता चौथऱ्याखाली गोणपाट ढकललं. दगाभाऊंना काही कळलं नाही. माझा मात्र चहा पुन्हा तापवावा लागला.

जानेवारी संपता संपता पिशवीतल्या काड्यांवर पांढरी बुरशी आली. त्यांनी ती हळदीच्या पाण्याने पुसली. पुन्हा आली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दहाच्या दहा काळ्या पडल्या. पण त्याच आठवड्यात कुंड्यांतल्या आठपैकी पाच काड्यांना पानं फुटली, उंदराच्या कानाएवढी, हिरवीगार. दगाभाऊंनी गच्चीवरून हाक मारली ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली.

"लागली! पाच लागली! वर्षाची आई, वर ये!"

वहिनी वर गेल्या, पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता हात लावू नका."

दगाभाऊंनी पाव किलो पेढे आणून वाटले. देडतलाईला सासरी असलेल्या मुलीला, वर्षाला फोन केला : "आखाजीच्या सणाला येशील तेव्हा आईचं झाड दाखवतो." केळीच्या घरात दिलेली वर्षा हसली असावी, कारण ते चिडून म्हणाले, "केळीचं काय सांगते? कंद फेकला की उगवतो. हे अंजीर आहे!" मी पेढा खाल्ला. तो मला गोड लागला नाही. आबांचं वाक्य मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. किंवा वहिनींनी सांगितलं असेल, पण त्यांनी ऐकलं नसेल.

आमच्याकडच्या दोनपैकी एका काडीलाही त्याच सुमारास पानं आली. दुसरी बुडापासून मऊ पडली आणि गेली. मी वहिनींना भिंतीपलीकडून एक बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि कपडे वाळत घालू लागल्या.

दगाभाऊंनी हात लावला नाही तो चार दिवस. पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर ते आमच्या ओट्यावर बसलेले. हातात पानं असलेली एक काडी. खालचा भाग गुळगुळीत, काप जसाच्या तसा.

"याला मूळच नाही भो," ते म्हणाले. "पानं आली आणि मूळ नाही. असं कसं? माल कुठून येऊन राहिला?"

"काडीच्या अंगातलाच असेल."

"म्हणजे साठ्यातला?"

"हो. आवक नाही, नुसती जावक."

असं बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. आता ते थांबतील असं मला वाटलं. उलट त्यांनी उरलेल्या चारही उपटल्या. दोन काड्यांना खाली तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके होते, म्हणजे मूळ निघणारच होतं. त्यांनी त्या घाईघाईने पुन्हा खोवल्या. महाशिवरात्रीपर्यंत त्याही गेल्या आणि पानं न फुटलेल्या तीनही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींकडे गेलो. "सांगून टाका आता. ते जेवत नाहीत."

"तुमच्याकडं दुसरी पानं आली का?"

"नाही अजून. पहिली आहेत तेवढीच."

"मग काय सांगू? एकच राहिली आहे. ती गेली तर त्यांना दोनदा मारल्यासारखं होईल." त्या भाकरी थापत होत्या, थापता थापता थांबल्या. "मलाही झोप नाही, भाऊजी. मी काय बघायला येत नाही का? रोज भिंतीशी येते आणि परत जाते."

तेव्हा मला कळलं की अस्वस्थ कोण कोण होतं. मी स्वतःही बँकेत चलन भरायला गेलो आणि तारीख चुकीची घातली. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

१७ मार्चला, रविवारी, दगाभाऊ कुणाला न सांगता एकटेच वसाहतीत गेले. दुपारी उन्हात परत आले ते थेट आमच्या ओट्यावर. चेहरा तांबडा, चपलेत माती. काखेत एक हातभर लांब वाळकी फांदी.

"रांग राहिली नाही," ते म्हणाले. "सपाट करून टाकली. पाण्याच्या टाकीवरून अंदाज घेत घेत जागा शोधली. ढिगाऱ्यात ही सापडली. बघ, कुठं ओल आहे का."

मी नखाने साल खरवडली. आत लाकूड करड्या रंगाचं, कोरडं ठक्क.

"सरपण आणलंत का?" भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला. त्यांनी सवयीने विचारलं असावं. दगाभाऊंनी ती फांदी मांडीवर घेतली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "तिच्या बापानं एक काडी लावली, एक. उपटून नाही पाहिली. मी अठरा मारल्या, रघुनाथ. दहा वर्षं वायदे केले आणि मग अठरा मारल्या. तिला काय सांगू? तिचं माहेर मीच मोडलं."

वहिनींनी ते ऐकलं. त्या फाटकातून वळसा घालून आल्या नाहीत. पदर खोचला आणि एकाहत्तरीच्या नवऱ्यासमोर, स्वतःच्या पासष्टीत, ती कमरेएवढी भिंत ओलांडून आमच्या अंगणात उतरल्या. सुमन धावली. "अहो वहिनी, पडाल!"

"पडत नाही." त्या सरळ न्हाणीमागे गेल्या. मीही गेलो. चौथऱ्याखाली त्या वाकल्या, बाटली बाहेर काढली आणि शेंड्याकडे पाहिलं. दोन मोठी पानं होती, आणि त्यांच्या मधून तिसरं, दुसऱ्या फुटीचं, चुण्या पडलेलं, नुकतं उघडत होतं. कालपर्यंत ते तिथे नव्हतं, किंवा मी नीट पाहिलं नव्हतं.

वहिनींनी बाटली आणून दगाभाऊंच्या पुढ्यात ठेवली.

"ही काय?"

"एकोणिसावी. विसावी गेली."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे तू बरोबर मोजल्या होत्या?"

"हो."

"अडीच महिने शिव्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या."

"आणि तू..." ते वहिनींकडे वळले. हात आपोआप काडीकडे गेला. दोन बोटं, अंगठा आणि तर्जनी.

"हात मागं!" वहिनी म्हणाल्या. हात मागे गेला. मग त्यांनीच बाटलीभोवतीचा दोरा सोडला आणि वर्तमानपत्राचा कागद दोन बोटं खाली सरकवला. प्लास्टिकच्या आत मातीला चिकटून पांढरी मुळं होती. एक सरळ खाली, दोन आडवी, एक बाटलीच्या कडेने वळलेलं. दगाभाऊ ओट्यावर पोटावर झोपले, अक्षरशः झोपले, आणि डोळा बाटलीला लावला.

"न उपटता दिसतं," ते म्हणाले.

"दिसतं. आणि बघून झालं की कागद वर. अंधार लागतो त्यांना."

"किती वेळा बघू?"

"बघा दर अर्ध्या तासानं. हात नाही लावायचा."

दगाभाऊ उठून बसले, खिसे चाचपले आणि एक रुपयाचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं. "सासऱ्याचा नियम. सांभाळणाऱ्याला सव्वा रुपया. वरचे चार आणे..." त्यांनी दुसरा खिसा पाहिला. चार आण्यांचं नाणं बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली, हे मी त्यांना सांगितलं.

"मग दोन रुपये घे."

"दोन नाही," वहिनी म्हणाल्या. "दोन दिले तर विकत घेतल्यासारखं होतं. सव्वाच."

बाटली त्यांनी स्वतः, दोन्ही हातांत धरून, भिंतीला वळसा घालून घरी नेली. दगाभाऊ पुढे चालत फाटक उघडत गेले.

आता ते रोज सकाळी कागद खाली करतात आणि वर करतात. अर्ध्या तासाचा एक तास झाला आहे, असं वहिनी सांगतात. उरलेला वेळ ते जुने डबे, देवघराचा खण, लग्नातली ट्रंक उचकत असतात. वर्षालाही सासरी कुणाकडे जुनं नाणं आहे का ते पाहायला सांगितलं आहे. तिच्याकडे पन्नास पैशांचं सापडलं, ते चालत नाही.

आज ३० एप्रिल. रोप सहाव्या पानावर आहे. पावसाळा लागला की जमिनीत लावायचं ठरलं आहे. दगाभाऊंकडून पंचवीस पैसे येणे आहेत.